पांढरं, मोकळं घर भकास का वाटतं?

तुम्ही लिहिलंय की भिंती पांढऱ्या, सामान मोजकं, दोन बाजूंना मोठ्या काचा, तरी बैठकीची खोली भकास वाटते, म्हणून आणखी दिवे लावायचा विचार आहे. कृपा करून दिवे वाढवू नका. उजेड तुमच्याकडे भरपूर आहे, सावलीच उरलेली नाही. दोन्हीकडून सारखा उजेड आला की एकीकडची सावली दुसरीकडचा उजेड पुसून टाकतो. मग भिंतीचा पोत, कोनाड्याची खोली, काहीच डोळ्यांना जाणवत नाही. चित्रं-पडद्यांनी भरलेल्या घरात हे खपून जातं. मोजक्या सामानाच्या घरात भिंतीवर उजेडाशिवाय बघायला असतं तरी काय?

जपानी वास्तुविशारद तादाओ आंदो यांच्या जपानमधल्या कोशिनो हाऊसचे फोटो शोधून बघाच. 1984 मध्ये त्या घराला स्टुडिओ जोडला, त्याची एक भिंत गोलाकार वळलेली आहे आणि ती छताला भिडते तिथे अरुंद फट ठेवली आहे. ऊन त्या फटीतून भिंतीला घासत उतरतं. वळणामुळे उजेडाची कड काँक्रीटवर वाकडी पडते आणि सूर्याबरोबर सरकत राहते. खोलीतला बाकीचा उजेड आवरलेला आहे, म्हणून ती कड उठून दिसते. मेक्सिकन वास्तुविशारद लुईस बारागान यांच्या मेक्सिको सिटीतल्या स्वतःच्या घरातही (1948) आधी मंद उजेडाची अरुंद वाट लागते, मग उजळ दालन. डोळे अंधुकाला सरावलेले असतात, त्यामुळे तिथला उजेड भरभरून वाटतो.

तुमच्याकडे एक काच पश्चिमेची असेल, तर तिच्यावर उभ्या पट्ट्या लावा. मावळतीचं ऊन इतकं खालून येतं की छज्जा त्याला अडवत नाही. उरलेल्या खिडकीचा उजेड साधारण तिच्या वरच्या कडेच्या उंचीच्या दोन-अडीच पट आत पोचतो. त्यापलीकडचा भाग खुशाल मंद राहू द्या. खर्च करण्याआधी एका सुट्टीच्या दिवशी ती पश्चिमेची काच जाड चादरीने झाकून सकाळपासून संध्याकाळपर्यंत खोली बघा.

रात्रीसाठी छतातले सगळे दिवे एकाच बटणावर असतील तर आधी ते वेगळे करून घ्या, इतका फरक दुसऱ्या कशानेच पडत नाही. मग एकच भिंत निवडून तिच्या अगदी लगत, वरून खाली झोत सोडा. 2700 केल्विनचा (केल्विन म्हणजे प्रकाशाच्या रंगछटेचं माप) उबदार, पिवळसर प्रकाश घ्या. पण असा घासून जाणारा उजेड गिलाव्यातला प्रत्येक उंचवटा उघडा पाडतो. अंधारात टॉर्च भिंतीला टेकवून तिरकी धरा, कुठे पुट्टी घासायची ते लगेच कळेल. रंग मॅटच हवा, चकचकीत रंगात दिव्याचं प्रतिबिंब दिसतं. चुन्याचा खडबडीत गिलावा असेल तर घासूच नका, त्याच्यावर हा उजेड फार सुंदर खुलतो.

ओटा आणि जिना मात्र यातून वगळा. सुरी चालवताना हातावर स्वतःची सावली पडता कामा नये, आणि पायरीची कड स्पष्ट दिसलीच पाहिजे.