खरेदी सल्लागाराशी करार करण्यापूर्वी

प्रश्न : कोल्हापुरात आमचे 42 खोल्यांचे हॉटेल असून तळमजल्यावर उपाहारगृह आहे. सर्व खोल्यांचे भाडे दिवसाला 7,500 रुपयांच्या आत आहे. किराणा, भाजीपाला, चादरी-टॉवेल, साफसफाईची रसायने आणि पाहुण्यांसाठीचे साबण-शाम्पू यांवर वर्षाला सुमारे 90 लाख रुपये खर्च होतात. हा खर्च कमी करून देण्याचा प्रस्ताव एका सल्लागार संस्थेने दिला आहे. आगाऊ शुल्क नाही; मात्र 2024-25 च्या खर्चाशी तुलना करून जी बचत दिसेल, तिच्या 40 टक्के रक्कम दोन वर्षे द्यावयाची आहे. बचत झालीच नाही तर काही द्यावे लागणार नाही, मग यात तोटा कसला, असे माझे धाकटे बंधू म्हणतात. आपले मत कळवावे.

उत्तर : बंधूंचा युक्तिवाद वरवर बिनतोड आहे, परंतु बचत किती झाली हे कोण आणि कशाच्या आधारे मोजणार, हे करारात लिहिलेले नसेल तर तोटा तेथेच आहे. तुलनेसाठी सुचवलेले वर्षच पाहा. साबणाच्या वड्या आणि शाम्पू यांवरील जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून 18 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला. त्यामुळे करासह 118 रुपयांना पडणारा माल, मूळ दरात एक पैसाही कमी न होता, 105 रुपयांना पडू लागला. हे 13 रुपये सल्लागाराने वाचवलेले नाहीत, तरी 2024-25 शी सरळ तुलना केल्यास त्यांतील 40 टक्के त्याच्या खात्यात जातील. कच्च्या खाद्यतेलावरील मूळ आयातशुल्क मे 2025 च्या अखेरीस 20 वरून 10 टक्के झाले, तेव्हा तेलाच्या भावाबाबतही हीच सावधगिरी हवी. करातील बदल, बाजारभावातील चढउतार आणि खोल्या कमी भरल्याने घटलेला वापर या तिन्ही गोष्टी बचतीतून वगळल्या जातील, असे कलम आपण स्वतः मसुद्यात घालून घ्यावे.

दुसरा मुद्दा मोबदल्यावरील कराचा. 22 सप्टेंबर 2025 पासूनच 7,500 रुपयांपर्यंतच्या खोल्यांवर 5 टक्के कर असून त्यावर इनपुट टॅक्स क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, मिळत नाही. उपाहारगृहाचेही तसेच आहे. समजा पाच लाख वाचले, तर सल्लागाराचे दोन लाख आणि त्यावरील 18 टक्के जीएसटीचे 36 हजार, असे 2 लाख 36 हजार रुपये आपल्या गल्ल्यातून जातील आणि त्यांतील कराचा भाग कोठेही वळता होणार नाही. पुरवठादारांचे दर तपासतानाही याच कारणाने नेहमी करासह रक्कम धरावी.

केवळ दर कमी झाला म्हणजे खर्च कमी झाला, असेही नाही. तेलाचा 15 किलोचा डबा आणि 15 लिटरचा डबा दिसायला सारखे असले, तरी एक लिटर तेल साधारण 910 ग्रॅम भरत असल्याने दुसऱ्यात सुमारे 13.65 किलोच तेल असते. पनीरचा दर एकदम उतरलेला दिसला, तर वेष्टनावर ‘ॲनालॉग’ लिहिले आहे का ते पाहावे, कारण वनस्पती तेल घालून केलेल्या त्या पदार्थाला पनीर म्हणून पाहुण्यांपुढे ठेवणे ही फसवणूक ठरते. टॉवेलचे तर विचारूच नका. कमी जीएसएमचा (दर चौरस मीटरला कमी ग्रॅम वजनाचा) स्वस्त टॉवेल लवकर विरतो, म्हणून नगाचा दर न पाहता तो किती धुलाया टिकला यावर हिशेब करावा. वर्षभरात किती टॉवेल बाद झाले याची नोंद आपल्या हाउसकीपिंगकडे नसेल, तर ती आजपासून ठेवावी.

उधारीची मुदत वाढवून घेणे ही काही सल्लागारांची आवडती युक्ती असते. सोलापूरच्या एखाद्या लहान टॉवेल उत्पादकाकडून आपण थेट माल घेत असाल आणि त्याची सूक्ष्म वा लघु उद्योग म्हणून नोंदणी असेल, तर 2006 च्या कायद्याप्रमाणे लेखी करार असला तरी 45 दिवसांच्या आत पैसे द्यावे लागतात. तेथे 90 दिवसांची उधारी कागदावर मिळवून उपयोग नाही.

सल्लागार पुरवठादाराकडूनही दलाली घेतो का, हे तोंडी न विचारता लेखी हमीपत्र घ्यावे आणि अशी रक्कम आढळल्यास ती हॉटेलची राहील, असे त्यात नमूद करावे. हमीपत्र द्यायला जो टाळाटाळ करेल, त्याच्याशी पुढे बोलण्यात अर्थ नाही.

माझे मत विचाराल, तर भाजीपाला, दूध आणि मांस या व्यवहारातून वगळावे. तेथील गळती दरापेक्षा मागच्या दारात अधिक होते : माल उतरवताना वजनकाट्यावर न ठेवणे, क्रेटचे वजन वजा न करणे, चलनावर न पाहता सही करणे. हे काम सल्लागाराचे नाही, आपल्या भांडारप्रमुखाचे आहे. रसायने, साबण-शाम्पू आणि चादरी-टॉवेल यांपुरते तीन महिन्यांचे काम ठरावीक शुल्कावर द्यावे.

प्रश्न : सल्लागाराऐवजी गावातील पाच-सहा लॉजमालकांनी एकत्र खरेदी केली तर चालेल का?

उत्तर : टिकणाऱ्या मालापुरते जरूर चालेल. सर्वांनी एकाच प्रतीचा टॉवेल आणि साबण मान्य केला, तर दर एकत्र ठरवावा. मात्र मागणी, बिल आणि पैसे ज्याचे त्याने स्वतंत्र ठेवावेत. एकाच्या नावावर सर्वांचा माल घेतल्यास त्याच्या डोक्यावर इतरांची थकबाकी बसते आणि पुढे तो माल वाटताना त्याला बिले फाडावी लागून कराची गुंतागुंत होते ती वेगळीच.