वाचक विचारतात : चित्रं, गाणं आणि सोबत मुलं

प्रश्न : कोल्हापुरात शाहू स्मारक भवनात चित्रप्रदर्शन आहे आणि त्याच संध्याकाळी गावात ख्यालगायनाची मैफल. दोन कुटुंबं मिळून जायचं ठरलंय. सात आणि दहा वर्षांची मुलं आहेत, आईचे गुडघे दुखतात. मुलं मध्येच कंटाळली तर?
– एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : आधी चित्रं, मग मुलांचं खाणं, मग गाणं. क्रम उलटा केलात तर मैफल लांबते आणि दालनाला कुलूप लागलेलं असतं. चित्रांना पाऊण तास पुरे. त्यापुढे मुलं बघत नाहीत, नुसती पळतात. गाण्याआधी तिखट देऊ नका, पाण्यासाठी सारखी उठबस होते. तांबडा-पांढरा मैफलीनंतर, पण मेस कितीपर्यंत चालू असते ते आधी फोनवर विचारून ठेवा.

भारतीय बैठक असेल तर आईंसाठी खुर्चीची सोय आहे का, तेही विचारा. जागा कडेच्या धरा, आणि स्पीकरच्या तोंडाशी बसू नका.

विलंबित, म्हणजे संथ लयीतल्या बड्या ख्यालात मुलं चुळबुळ करणारच. त्यांना ताल मोजायला लावा. शाहू महाराजांच्या दरबारी आलेल्या अल्लादिया खाँसाहेबांमुळे कोल्हापुरात जयपूर-अत्रौली घराणं रुजलं, आणि या घराण्यात बडा ख्याल बहुधा विलंबित त्रितालात असतो. त्याची लय मोजता येईल इतपत असते. मात्रा १६. पहिली, पाचवी आणि तेरावी मात्रा टाळीची, नववी खालीची, म्हणजे बिनटाळीची. मांडीवर आवाज न करता मोजायचं. गायक मुखडा, म्हणजे बंदिशीचे सुरुवातीचे शब्द, घेऊन पहिल्या मात्रेवर, म्हणजे समेवर, येतो. ती जागा आधी ओळखायची, हा खेळ दहा वर्षांच्या मुलाला जमतो. धाकट्याची समेवर मान हलली तरी खूप झालं.

बाहेर पडायचं तर शेवटचा जलद भाग, म्हणजे द्रुत, संपून टाळ्या पडतील तेव्हा. आलापात उठू नका, गायकासमोरून तर नाहीच. मध्यंतरात घरी गेलात तरी चालेल. भैरवीपर्यंत बसलंच पाहिजे हा हट्ट मोठ्यांचा असतो, आणि त्यानेच पोरं पुढच्या वेळी यायला तयार होत नाहीत.

प्रश्न : वाद्यं लावूनच कलाकार बसतात ना? मग मध्येच पुन्हा हातोडी कशाला?
– एक वाचक, मंगळवार पेठ

उत्तर : तबल्याच्या तोंडावरची पुडी कातड्याची. पावसाळी हवेत ती ओल धरते, सैल पडते आणि स्वर उतरतो. एसीच्या कोरड्या हवेत किंवा दिव्यांच्या उष्णतेत ताणली जाऊन चढतो. मोठा फरक चामडी पट्ट्यांखालचे लाकडी गठ्ठे ठोकून काढतात, बारीक फरक गजऱ्यावर, म्हणजे पुडीच्या कडेच्या वेणीवर, हलके ठोके देऊन : वरून मारलं की स्वर चढतो, खालून मारलं की उतरतो. तंबोऱ्याचं कारण कधी वेगळं असतं. पहिली तार बहुधा पंचमात असते, पण मालकंस रागात पंचम वर्ज्य, म्हणून ती मध्यमात लावतात. राग बदलला की खुंटी पिळावी लागते. उरलेली कसर तारेतला मणी सरकवून जाते. त्या दोन-तीन मिनिटांत गप्पा मारू नका. वादक स्वर कानांनीच जुळवत असतात.

प्रश्न : प्रदर्शनात व्यक्तिचित्राचं प्रात्यक्षिक आहे. मुलांना नेमकं काय दाखवू?
– एक वाचक, शाहूपुरी

उत्तर : सुरुवात चुकवू नका. आबालाल रहिमान, बाबुराव पेंटर या चित्रकारांच्या गावात व्यक्तिचित्र जाणणारे प्रेक्षक नेहमीच भेटतात, आणि तेही पहिली वीस मिनिटं डोळ्यांत तेल घालून बघतात. तेव्हा डोक्याचा कल आणि उजेड-सावलीचे मोठे आकार ठरतात. तिथे चुकलं तर पुढे डोळे कितीही रेखीव काढले तरी साम्य येत नाही. मुलांना डोळे बारीक करून मॉडेलकडे बघायला सांगा : तपशील विरघळतात, सावल्यांचे आकार उरतात. मग ते आकार कॅनव्हासवर शोधू द्या. चित्र जवळून नुसते फटकारे दिसतं, आठ-दहा फूट मागे गेलं की चेहरा दिसतो. फ्लॅश मारू नका. आणि बोट लावू देऊ नका; तैलरंग कित्येक दिवस ओला राहतो, शिवाय शर्टाला लागला तर पाण्याने निघत नाही.