ऊर्जा अक्षय्य, पण कोणत्या अटीवर?

तुमच्या प्रश्नाचे दोन भाग आहेत असे मी धरतो. अवकाश, काळ आणि ऊर्जा या संशोधकांनी सोयीसाठी मांडलेल्या कल्पना आहेत की निसर्गात त्यांना काही आधार आहे, हा पहिला. आणि ऊर्जा कधीही नष्ट होत नाही असे बारावीपर्यंत शिकवतात, मग दूरच्या दीर्घिकांकडून येणाऱ्या प्रकाशाची वाटेत घटलेली ऊर्जा जाते कुठे, हा दुसरा. खरा अवघड भाग दुसरा आहे, म्हणून पहिल्याचे थोडक्यात आटोपतो.

काळ हा माणसाने ठरवलेला असतो, हे मुंबईकराला चटकन पटते, कारण १९०६ मध्ये भारतीय प्रमाणवेळ लागू झाल्यानंतरही या शहराने ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटे पुढे असलेली आपली ‘बॉम्बे टाइम’ कित्येक वर्षे सोडली नव्हती. परंतु घड्याळात किती वाजले हा कारभाराचा भाग झाला; दोन घटनांमध्ये किती काळ गेला, हे कोणाच्याही ठरावाने बदलत नाही. ते बदलते ते गतीने आणि गुरुत्वाकर्षणाने, आणि गतीमुळे होणाऱ्या बदलाचा पुरावा कुलाब्यातल्या किंवा कल्याणमधल्या कोणत्याही बऱ्यापैकी प्रयोगशाळेत मिळू शकतो.

वातावरणात साधारण १५ किलोमीटर उंचीवर वैश्विक किरणांच्या (अवकाशातून येणाऱ्या वेगवान कणांच्या) आघातातून म्यूऑन नावाचे कण तयार होतात. सिंटिलेटरचा (कण आरपार गेला की चमकणाऱ्या पदार्थाचा) तळहाताएवढा तुकडा टेबलावर आडवा ठेवला, तर त्यातून मिनिटाला शंभराच्या आसपास म्यूऑन जातात आणि प्रत्येक जण प्रकाशाचा एक क्षीण झोत सोडून जातो. ठोकळा जाड असेल तर एखादा म्यूऑन आतच थांबतो. पहिल्या झोतानंतर काही मायक्रोसेकंदांनी दुसरा झोत दिसतो, तो त्याच्या क्षयाचा. अशा जोड्यांमधल्या अंतरांचा आलेख काढला की थांबलेल्या म्यूऑनचे सरासरी आयुष्य सुमारे २.२ मायक्रोसेकंद येते. एवढ्या वेळात प्रकाशसुद्धा जेमतेम ६६० मीटर जातो. वरून खाली यायला मात्र त्याला ५० मायक्रोसेकंद लागतात, म्हणजे जुन्या हिशेबाने अब्जावधींतून एखादाच कण आपल्यापर्यंत पोचायला हवा होता. ते इतक्या संख्येने पोचतात, कारण आपल्या दृष्टीने वेगवान म्यूऑनचे घड्याळ कित्येक पटींनी मंद चालते. म्यूऑनच्या दृष्टीने त्याचे घड्याळ बरोबरच असते आणि वातावरणाची जाडीच आकसलेली असते. एकाच घटनेला एक जण काळाचा फरक म्हणतो आणि दुसरा अवकाशाचा, म्हणून या दोहोंना स्वतंत्र मानणे आइन्स्टाइन यांच्या १९०५ च्या विशिष्ट सापेक्षता सिद्धांतानंतर भौतिकीने सोडून दिले.

आता ऊर्जेकडे येऊ. ऊर्जा ही वस्तू नाही. ती गणिताने काढलेली अशी राशी आहे की बाकी सगळे बदलले तरी तिची बेरीज बदलत नाही. या बेरजेवर संशोधकांचा विश्वास किती गाढ असतो ते न्यूट्रिनोच्या इतिहासात दिसते. बीटा क्षयात, म्हणजे अणुकेंद्रातून इलेक्ट्रॉन बाहेर पडताना, काही ऊर्जा हरवल्यासारखी दिसत होती. ऊर्जा अक्षय्यतेचा नियम तिथे केवळ सरासरीने लागू असेल, असे मानायला भौतिकशास्त्रज्ञ नील्स बोर तयार झाले होते. दुसरे भौतिकशास्त्रज्ञ वोल्फगांग पाउली यांनी मात्र १९३० मध्ये न दिसणारा एक कण, म्हणजे हाच न्यूट्रिनो, कल्पून हिशेब जुळवला. तो कण प्रत्यक्ष सापडला १९५६ मध्ये, आणि वातावरणात निर्माण होणारे न्यूट्रिनो १९६५ मध्ये कोलारच्या सोन्याच्या खाणीत, दोन किलोमीटरहून अधिक खोलीवर, ज्या गटांनी प्रथम टिपले त्यांत आपल्या कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा गट होता. (ही गोष्ट मुंबईतल्या विद्यार्थ्यांना जितकी ठाऊक असायला हवी तितकी नसते.)

पण बेरीज मुळात कायम का राहते? समजा गुरुत्वाकर्षण सकाळी थोडे कमी आणि संध्याकाळी थोडे जास्त असते. मग सोसायटीच्या गच्चीवरच्या टाकीत सकाळी स्वस्तात पाणी चढवून संध्याकाळी तेच पाणी खाली सोडताना जास्त वीज मिळवता आली असती, तीही रोज आणि फुकट. तसे होत नाही, कारण निसर्गाचे नियम सकाळी आणि संध्याकाळी सारखेच असतात. गणितज्ञ एमी नोदर यांनी १९१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रमेयाचा हाच गाभा आहे: नियम काळानुसार बदलत नसतील तर ऊर्जा अक्षय्य राहते, जागेनुसार बदलत नसतील तर संवेग. म्हणजे ऊर्जेविषयीचा नियम हे मुळात काळाविषयीचे विधान आहे. गंमत अशी, की आइन्स्टाइन यांच्या व्यापक सापेक्षतेत (गुरुत्वाकर्षणाच्या सिद्धांतात) ऊर्जेचा हिशेब नीट लागत नव्हता, आणि तो गुंता सुटावा या अपेक्षेनेही हिल्बर्ट आणि क्लाइन या गणितज्ञांनी नोदर यांना १९१५ मध्ये जर्मनीतल्या गटिंगेन विद्यापीठात बोलावून घेतले होते.

तुमच्या प्रश्नाचे उत्तर इथेच आहे. संपूर्ण विश्वाचा विचार करताना अवकाश कालचे आज तसेच राहत नाही, ते प्रसरण पावते. त्यामुळे नोदर यांची अट तिथे पूर्णच होत नाही. विश्व सुमारे ३ लाख ८० हजार वर्षांचे असताना मोकळे झालेले प्रारण (विश्वभर पसरलेला आद्य प्रकाश) तेव्हा ३००० केल्व्हिनच्या आसपास होते, आज ते २.७ केल्व्हिन आहे. त्यातल्या प्रत्येक फोटॉनची, म्हणजे प्रकाशकणाची, तरंगलांबी सुमारे ११०० पटींनी ताणली गेली आणि ऊर्जा तितक्याच पटींनी घटली. ही ऊर्जा कुठेतरी साठली असली पाहिजे असे मानण्याचे कारण उरत नाही. गुरुत्वीय क्षेत्राच्या नावे ती जमा दाखवून बेरीज जुळवण्याचे प्रयत्न झालेले आहेत, पण सर्वांना मान्य होईल अशी व्याख्या त्यांतून निघत नाही, आणि माझ्या मते विद्यार्थ्याने त्या वाटेला सुरुवातीलाच जाऊ नये. प्रयोगशाळेत, अणुभट्टीत किंवा सूर्याच्या गाभ्यात प्रसरणाचा परिणाम नगण्य असतो, त्यामुळे तिथे बारावीचा नियम निर्धास्त वापरावा.

याच्या उलटा प्रश्न कृष्ण ऊर्जेबाबत विचारला जातो. १९९८ मध्ये अतिदूरच्या सुपरनोव्हांच्या (स्फोट पावणाऱ्या ताऱ्यांच्या) निरीक्षणांतून प्रसरणाचा वेग वाढत असल्याचे दिसले. त्यामागे जी असल्याचे मानतात ती कृष्ण ऊर्जा आइन्स्टाइन यांच्या वैश्विक स्थिरांकासारखी (त्यांच्या समीकरणांतल्या, न बदलणाऱ्या संख्येसारखी) असेल, तर दर घनमीटरमागे तिचे प्रमाण कायम राहते, आणि घनमीटर वाढत असल्यामुळे एकूण ऊर्जा वाढत जाते. ती येते कुठून, असे विचारणाऱ्यालाही नोदर यांच्या त्याच अटीकडे बोट दाखवावे लागते.