अमेरिकेत उभ्या गाडीला निळा झेंडा का लावतात?

तुम्ही विचारलंय की अमेरिकेतल्या एका स्टेशनात गाडी उभी होती, इंजिनपण लागलेलं होतं, पण टोकाला रुळाजवळ निळा झेंडा लावलेला, मग गाडीत बिघाड होता का? असेलच असं नाही. त्या झेंड्याचा अर्थ एवढाच की आत्ता त्या गाडीवर, गाडीखाली किंवा दोन डब्यांच्या मध्ये माणसं काम करतायत, त्यामुळे ती हलवायची नाही आणि तिला दुसरं काही येऊन जोडायचंही नाही. रात्री झेंड्याऐवजी निळा दिवा लागतो. मी इथे पॅसेंजर डब्यांच्या मेंटेनन्समध्ये आहे म्हणून जरा सविस्तर सांगतो.

बऱ्याच जणांना वाटतं की झेंडा म्हणजे नुसता ड्रायव्हरला इशारा. पण त्यातली खरी महत्त्वाची गोष्ट ही की ज्या कामगारांच्या गटाने तो लावला त्याच गटाने तो काढायचा, दुसऱ्या कोणी नाही. म्हणजे ब्रेकवाले आणि इलेक्ट्रिकवाले दोघं एकाच गाडीवर असतील तर दोघांचे झेंडे वेगळे, ब्रेकवाल्यांनी काम संपवून आपला काढला तरी इलेक्ट्रिकवाल्यांचा आहे तोवर गाडी जागची हलणार नाही. गाडी लेट होत असो, यार्डमास्तर वैतागलेला असो, काही फरक पडत नाही. आणि हा कुठल्या एका कंपनीचा शिरस्ता नाही, फेडरल रेल्वे प्रशासनाच्या नियमांमध्ये भाग 218 आहे त्यात हे लिहिलेलं आहे. मला हा नियम मनापासून पटतो, कारण घाई नेहमी बाहेर उभ्या असलेल्या माणसाला असते आणि जीव मात्र खाली झोपून ब्रेक शू बदलणाऱ्याचा जातो.

आता नुसत्या झेंड्याने डबा थांबत नाही हे उघड आहे, म्हणून त्याच्या जोडीला कुलूप असतं. मेन लाइन सोडून यार्डातल्या किंवा साइडिंगच्या लाइनीवर काम असेल तर तिच्यात आत येणारा प्रत्येक सांधा (गाडी एका रुळावरून दुसऱ्या रुळावर वळते ती जागा) दुसरीकडे वळवून लॉक करतात, नाहीतर गाडीपासून किमान 150 फुटांवर, म्हणजे साधारण 45 मीटरवर, रुळावर डीरेल बसवून ते लॉक करतात आणि तिथेही निळा झेंडा लावतात. डीरेल म्हणजे असं लोखंडी साधन की चाक त्यावर चढलं की डबा रुळावरून खाली उतरतो, पण कामगारापर्यंत पोचत नाही. सांधे लांबून बटणावर चालणारे असतील तर ऑपरेटरला आधी कळवायचं, त्याने बटण लॉक करायचं आणि त्याची लेखी नोंद 15 दिवस ठेवायची. गाडीला इंजिन लागलेलं असेल तर ड्रायव्हरला बसल्या जागेवरून दिसेल असा एक निळा सिग्नल इंजिनवरपण हवा.

एवढं सगळं कशाला, उभी तर आहे गाडी? तर यार्डात शंटिंगच्या वेळी डबे ढकलून मोकळे सोडतात, पुढे इंजिन नाही हॉर्न नाही, तो डबा जवळजवळ आवाज न करता येतो. इथली भरलेली वाघीण, म्हणजे मालगाडीचा डबा, 286,000 पौंडांपर्यंत असते, म्हणजे जवळपास 130 टन. ती दुसऱ्या टोकाला हळूच जरी टेकली तरी धक्का सगळ्या गाडीतून पुढे जातो, आणि मध्ये एअर होज (ब्रेकच्या हवेची नळी) जोडत असलेल्या माणसाला बाजूला व्हायला वेळच मिळत नाही.

आपल्याकडे डब्यांची तपासणी चालू असताना दोन्ही टोकांना लाल झेंडा लावतात, त्यामुळे निळा बघून गोंधळ होणं साहजिक आहे. आणि रुळावर काम करणाऱ्या गँगचं संरक्षण हा वेगळाच विषय, अमेरिकेत ट्रॅकवाल्यांचे नियम वेगळे आहेत, निळा झेंडा त्यांच्यासाठी नाही.

तर तुम्ही पाहिलीत ती गाडी बहुतेक तपासणीसाठी किंवा ब्रेक टेस्टसाठी थांबली असणार. पुन्हा कधी असा झेंडा दिसला तर कंडक्टरला गाडी का सोडत नाही म्हणून बोलू नका, झेंडा उतरवणं त्याच्याही हातात नसतं.