लॅमिनेटखाली कुठला अंडरले घालू? वाचकांचे प्रश्न

या वेळच्या पत्रांमध्ये बहुतेकांनी एकच विचारलंय, घरात लॅमिनेट फ्लोअरिंग करायचंय तर त्याच्या खाली कुठला अंडरले, म्हणजे पट्ट्या आणि जमीन यांच्यामध्ये अंथरायचा पातळ थर, घ्यायचा. तेव्हा बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात घेते, आज फक्त हाच विषय.

प्रश्न : आमचं चिऱ्यांचं जुनं घर आहे, खाली लाल सिमेंटची जमीन. मुलाच्या खोलीत लॅमिनेट घालायचं ठरलंय. दुकानदार म्हणतो साधा पांढरा फोम पुरे, सुतार म्हणतो दुहेरी फोम घाला म्हणजे पायाला मऊ लागेल, आणि भावोजी म्हणतात हिरवं एक्सपीएसच घ्या. नक्की कुणाचं ऐकू? (एक ताई, फोंडा)

उत्तर : ताई, तिघांमध्ये भावोजी त्यातल्या त्यात बरोबर आहेत, पण तिघांनीही तुम्हाला पहिला प्रश्न विचारलाच नाही, की जमीन कोरडी आहे का? तुमचं घर तळमजल्यावर, चिऱ्यांचं आणि जुनं. अशा घरांच्या जमिनीखाली ओल अडवणारा थर बहुतेक वेळा नसतोच, मातीतलं पाणी हळूहळू वर चढत राहतं आणि लाल जमिनीतून वाफेसारखं हवेत निघून जातं, म्हणून ते आपल्याला दिसत नाही. त्यावर लॅमिनेट टाकलं की ती वाट बंद. लॅमिनेटची पट्टी म्हणजे आतून दाबलेले लाकडाचे बारीक तंतूच असतात, एचडीएफ म्हणतात त्याला, वरून छापील कागद आणि कडक मेलामाइनचा थर. वरून थोडं पाणी सांडलं तर पुसून घेता येतं पण खालून वाफ लागली की कडा फुगतात, आणि एकदा फुगलेली कड परत बसत नाही.

हे मी माझ्या घरच्या अनुभवावरून सांगतेय. साखळीच्या घरी आईच्या खोलीत आम्ही लॅमिनेट घातलं तेव्हा दुकानातून हाच सल्ला मिळाला होता, दोन थर फोम टाका, गादीसारखं लागेल. पहिला पावसाळा बरा गेला. दुसऱ्या पावसाळ्यात लोखंडी कपाटाच्या पुढच्या पायाशी दोन पट्ट्यांमध्ये फट दिसायला लागली, आधी नख जाईल एवढी, मग नाण्याची कड जाईल एवढी. शेवटी कपाट हलवून, स्कर्टिंग काढून चार पट्ट्या उचलल्या. कपाटाच्या पायाखालचा फोम पापडासारखा झाला होता, त्याच्या बाजूला दोन बोटांवर तोच फोम पूर्ण जाड, म्हणजे पट्टी तिथे रोज खाली-वर होत होती आणि त्यात तिचं लॉक, म्हणजे एक पट्टी दुसरीत अडकवायची कडेची खाच, तुटलं. पट्टीची खालची बाजू हाताला गार आणि ओलसर, कडेला काळे ठिपके. खाली प्लॅस्टिक घातलेलंच नव्हतं. आईला दम्याचा त्रास आणि तिच्या पलंगाखाली ही बुरशी, ते बघून मला जे वाटलं ते अजून विसरता येत नाही, म्हणून हा विषय आला की मी जरा लांबण लावते.

तर आधी परीक्षा. पारदर्शक जाड प्लॅस्टिकचा दीड फूट बाय दीड फूट तुकडा घ्या, जमिनीवर ठेवून चारही बाजूंनी टेपने घट्ट चिकटवा, कुठूनही हवा जाता कामा नये. कमीत कमी १६ तास ठेवायचं असतं, मी मात्र दोन-तीन दिवस ठेवायला सांगते. एक तुकडा खोलीच्या मध्ये आणि एक बाहेरच्या भिंतीलगत लावा. मग काढून बघा. प्लॅस्टिकच्या खालच्या बाजूला थेंब असतील किंवा तेवढीच जमीन गडद झाली असेल तर ओल खालून येतेय. थेंब वरच्या बाजूला असतील तर तो पावसाळी हवेचा दमटपणा, त्याचा जमिनीशी संबंध नाही. आणि ही परीक्षा पावसातच करा ताई, एप्रिलमध्ये गोव्यातली कुठलीही जमीन कोरडीच दिसणार.

थेंबच थेंब आले तर माझं ऐका, तिथे लॅमिनेट घालू नका. प्लॅस्टिकने जमीन झाकली म्हणून पाणी नाहीसं होत नाही, ते बाजूला सरकून भिंतीत चढतं आणि मग खालच्या फूट-दोन फुटांतला गिलावा फुगून पडायला लागतो, मी अशी दोन-तीन घरं बघितलीयत. आणि खरं सांगू का, घासून गुळगुळीत झालेली लाल जमीन आता नव्याने करून देणारे सहजी मिळत नाहीत, तिला पॉलिश करून घ्या, मुलाच्या खोलीत चटई टाका, उन्हाळ्यात पायाला जो गारवा लागतो तो लॅमिनेटला येणार नाही.

जमीन कोरडी निघाली किंवा नुसती किंचित गडद झाली, तर मग पुढे जा. सगळ्यात खाली २०० मायक्रॉनचं प्लॅस्टिक, आपल्याकडे हार्डवेअरच्या दुकानात ८०० गेज म्हणून मागा, लगेच देतात. दोन शीट एकमेकांवर आठ इंच तरी चढवा, सांध्यावर टेप लावा, आणि भिंतीलगत दोन इंच वर वळवून ठेवा, जास्तीचं शेवटी कापून स्कर्टिंगमागे लपतं. त्यावर ३ एमएमचं एक्सपीएस, एकच थर. एक्सपीएस म्हणजे थर्माकोलच्याच जातीचं पण दाबून घट्ट केलेलं, जड सामानाखाली फोमसारखं बसत नाही. त्याच्या शीट कडेला कड लावून टाकायच्या, एकमेकांवर चढवायच्या नाहीत. काही एक्सपीएसला एका बाजूने चंदेरी फॉइल असतं आणि सांध्यावर लावायला टेपही येते, ते वाफ अडवणारं आहे असं पाकिटावर लिहिलेलं असेल तर वेगळं प्लॅस्टिक लागत नाही, पण तळमजल्यावर ते सांधे टेपने नीट बंद केलेत का ते तुम्ही स्वतः उभं राहून बघा, कारागीर दोन सांधे सोडून देतो आणि ओल तिथूनच येते.

पाकिटावर आणखी दोन आकडे शोधा. सीएस म्हणजे दाब किती सोसतं ते, युरोपातल्या मानकात कमीत कमी १० किलोपास्कल आहे पण घरासाठी ६० किंवा वर असेल तर चांगलं. एसडी म्हणजे वाफ किती अडवते, सिमेंटच्या जमिनीवर ७५ मीटर किंवा जास्त हवं. आपल्याकडे मिळणाऱ्या पुष्कळ रोलवर काहीच छापलेलं नसतं, मग तुकडा जमिनीवर ठेवून अंगठ्याने जोर देऊन दाबा, अंगठा सरळ खाली गेला आणि खड्डा तसाच राहिला तर तो रोल दुकानातच ठेवा. अंडरले मऊ लागावा म्हणून घ्यायचाच नसतो, त्याने पट्टीला खालून सारखा आधार द्यायचा असतो.

प्रश्न : तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट आहे, टाइल्सवरच लॅमिनेट घालणार आहोत. चवथीला, म्हणजे गणपतीत, आमच्याकडे सगळ्या बायका फुगडी घालतात आणि खालचे काका दर वर्षी वर येऊन बोलतात. आवाज बंद होईल असा अंडरले सुचवा. (म्हापसा)

उत्तर : आवाज दोन प्रकारचे असतात, आधी ते वेगळे करू. एक तुमच्याच खोलीत येतो, चालताना टकटक, पोकळ पेटीवर चालल्यासारखा. दुसरा स्लॅबमधून खाली काकांच्या घरात जातो. पाकिटावर पहिल्यासाठी आरडब्ल्यूएस आणि दुसऱ्यासाठी आयएस लिहितात, दुकानदार दोन्हीला नुसतं साउंडप्रूफ म्हणून मोकळा होतो. तुम्हाला आयएस बघायचंय, डेसिबलमध्ये असतं, जितकं जास्त तितका खाली जाणारा आवाज कमी. २-३ एमएमचा कॉर्क चांगला, रबरासारखे जड अंडरले आणखी चांगले पण महाग पडतात आणि रोल उचलायला दोन माणसं लागतात. रबराचं असेल तर ते लॅमिनेटसाठीच बनवलंय का ते विचारून घ्या.

पण खोटी आशा लावत नाही, फुगडीचा दणका कुठलाच ३ एमएमचा अंडरले गिळणार नाही. आठ बायका एका तालात पाय आपटतात तेव्हा अख्खा स्लॅबच वाजतो. त्या दिवसांपुरती जाड सतरंजी किंवा जुनी गादी खाली घाला आणि चवथीच्या आधी काकांना स्वतः जाऊन आरतीचं बोलावणं करा. आणि आवाजासाठी म्हणून जाडजूड ५-६ एमएमचा फोम अजिबात घेऊ नका, फुगडीत पाय गोल फिरतात, खालची पट्टी दबते आणि लॉक तिथेच तुटतात. अंडरले साधारण ३ एमएमच्या वर जाऊ नये.

दोन गोष्टी कारागिराला बजावून सांगा. पट्ट्या कुठेही खिळ्याने किंवा स्क्रूने जमिनीला ठोकायच्या नाहीत, हे फ्लोअरिंग तरंगतंच असतं. आणि भिंतीपासून १० एमएम फट सोडायची, पट्टी भिंतीला टेकली की आवाज अंडरलेला वळसा घालून भिंतीतून खाली जातो, मग कॉर्कचे पैसे पाण्यात.

टाइल्स काढायची गरज नाही, फक्त हाताच्या बोटांनी ठोकून बघा, ज्या पोकळ वाजतात किंवा हलतात त्या आधी बसवून घ्या. मग दोन मीटरची सरळ अॅल्युमिनियमची पट्टी सगळीकडे फिरवा, तिच्याखाली २-३ एमएमपेक्षा जास्त उजेड दिसला तर तिथे सेल्फ लेव्हलिंगने, म्हणजे ओतलं की आपोआप सपाट पसरणाऱ्या मिश्रणाने, भरा किंवा उंचवटा घासा. टाइल्समधल्या बारीक रेघा अंडरले झाकतो, खड्डा झाकत नाही. वरच्या मजल्यावर खालून ओल येत नाही तरी मी प्लॅस्टिक घालतेच, फार खर्चिक नाही आणि पुष्कळ कंपन्या सिमेंटवर ते नसेल तर वॉरंटी मानत नाहीत.

प्रश्न : आम्ही घेतलेल्या पट्ट्यांना खालून कंपनीनेच फोम चिकटवून दिलाय. तरी त्याच्या खाली आणखी अंडरले घालू ना, जास्त मजबुती येईल? (वास्को)

उत्तर : नको. मजबुती येत नाही, जाते. चिकटवलेला फोम हाच तुमचा अंडरले. तळमजला असेल तर खाली नुसतं प्लॅस्टिक टाका आणि थांबा.

प्रश्न : दुकानदार लॅमिनेटऐवजी एसपीसी घ्या म्हणतो, पाण्याने काही होत नाही म्हणे. त्यालाही हाच ३ एमएमचा एक्सपीएस चालेल का? (मडगाव)

उत्तर : दुकानदार पाण्याचं खरं सांगतोय, एसपीसी दगडाची पूड आणि प्लॅस्टिक मिळून बनतं, फुगत नाही, आणि आपल्या हवेला स्वयंपाकघरात मी तेच सुचवते. पण पट्टी पातळ असते, ४-५ एमएमची, तिचं लॉक नाजूक. ३ एमएमचा लॅमिनेटवाला अंडरले तिच्याखाली जास्त मऊ पडतो. तिच्यासाठी खास १ ते दीड एमएमचा घट्ट अंडरले मिळतो तोच मागा, पुष्कळ पट्ट्यांना तो खालून लावूनच येतो. ओल मात्र एसपीसीखालीही बघायची, पट्टीला काही झालं नाही तरी खाली बुरशी धरते.

प्रश्न : चवथीच्या आधी घर रंगवतोय, त्यातच हॉलमध्ये लॅमिनेट उरकून घ्यावं असं घरातल्यांचं म्हणणं. नवीन कोबा करून तीन आठवडे झालेत. माटोळीसुद्धा, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळापानांची चौकट, ह्याच हॉलमध्ये बांधतो. अंडरले आणून ठेवलाय. (डिचोली)

उत्तर : दादा, अंडरले गुंडाळून माळ्यावर ठेवा. नवीन कोबा वरून पांढरा दिसला म्हणजे वाळला असं नसतं, ढोबळ हिशोब असा की एक इंच जाडीला एक महिना, तोही कोरड्या हवेत. तुमचे तीन आठवडे भर पावसातले आहेत, वर्षाला १०० इंचांच्या वर पाऊस पडणाऱ्या मुलखात श्रावणात कोबा काय वाळणार. आत्ता झाकलात तर ते पाणी आतच राहील.

दुसरं, लॅमिनेट हवेतला दमटपणा घेऊन फुगतं आणि थंडीत आकसतं. श्रावणात बसवलेल्या पट्ट्या फुगलेल्याच बसतात, जानेवारीत सांधे उघडतात आणि दोष मात्र अंडरलेवर जातो. थंडीत बसवल्या तर पुढच्या पावसात फुगायला भिंतीलगतची १०-१२ एमएम फट कामाला येते. बॉक्स आणल्यावर न उघडता त्याच खोलीत ४८ तास आडवे ठेवायचे, उभे नाही.

डिचोलीकडे वाळवीचाही त्रास आहेच, आणि कुठलाही अंडरले वाळवी अडवत नाही. ट्रीटमेंट करायची तर ती लॅमिनेटच्या आधी, नंतर भोकं पाडता येत नाहीत.

तेव्हा ही चवथ कोब्यावरच करा, वर सतरंजी घाला. माटोळीच्या ओल्या फळांचं, पानांचं पाणी खाली ठिपकत राहतं, ते कोब्यावर पडलं तर काही बिघडत नाही. पुढच्या वर्षी लॅमिनेट असेल तेव्हा माटोळीखाली प्लॅस्टिक आणि त्यावर पंचा घालून दर दोन-तीन तासांनी बदला, आणि देव पोचवल्यावर जमीन बादलीने धुवायची नाही, पिळलेल्या फडक्याने पुसायची, हे घरात सगळ्यांना आत्ताच सांगून ठेवा. गणपती झाल्यावर, पाऊस चालू असतानाच, वर फोंड्याच्या ताईंना सांगितलंय तसे प्लॅस्टिकचे तुकडे चिकटवून बघा, दिवाळीनंतर परत एकदा बघा. दोन्ही वेळा खालची बाजू कोरडी निघाली की मार्गशीर्षात कारागिराला बोलवा.