डीएनएचा कणा बदलताना सुरुवात कुठून करावी

डीएनएचा कणा म्हणजे साखर आणि फॉस्फेटची साखळी. तो बदलायचा, तर आधी फॉस्फोरोथायोएट हाच बदल घ्या. फॉस्फेटमधल्या साखळी न जोडणाऱ्या एका ऑक्सिजनच्या जागी गंधक, एवढाच बदल. पण त्याने फॉस्फरस कायरल होतो, म्हणजे दोन साखरांमधल्या प्रत्येक फॉस्फेट-जोडाला डाव्या-उजव्या हातासारखी दोन रूपं. 20 बेसच्या धाग्यातले 19 जोड बदललेत, तर हाती 5,24,288 रूपांचं मिश्रण! म्हणून एक-दोनच जोड बदला. सोबत तुलनेसाठी न बदललेला धागा हवाच. नवे लोक नेमका तोच मागवायला विसरतात.

- टीएम (दुहेरी डीएनएपैकी निम्मं सुटं होतं ते तापमान) 260 नॅनोमीटरच्या प्रकाशावर, मिनिटाला 0.5 अंशाने तापवत मोजा. दर बदलाला टीएममध्ये साधारण अर्धा अंश घट येते. ती मोजणीतल्या चुकीत सहज बुडते, तेव्हा तीनदा मोजाच.
- बफर (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण) फॉस्फेटचं, पीएच 7, मीठ 100 मिलिमोलर. ट्रिस हे दुसरं बफर नको, तापलं की त्याचा पीएच घसरतो.
- रत्नागिरी-मालवणच्या पावसाळी हवेत फ्रीजरमधली डीएनएची कुपी लगेच उघडू नका, आत दमट हवा शिरून पाणी धरतं. खोलीच्या तापमानाला येऊ द्या, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवा, मग झाकण काढा.

एलएनए (लॉक्ड न्यूक्लिइक ॲसिड) हा दुसरा बदल तूर्त बाजूला ठेवा. तो साखरेलाच आरएनएसारख्या वळणात जखडतो. दोन्ही बदल एकदम केलेत, तर कोणता परिणाम कशाचा हे सांगता येणार नाही.