पहिली की चौथी?

मुलगी फोन पुढे धरूनच आत आली. "मॅडम, डॉक्टर म्हणाले स्टेज एक. आणि हे बघा, बाबांच्या घशाच्या कर्करोगाचं हुबेहूब वर्णन आहे, पण पुढे स्टेज चार लिहिलंय. आम्ही घाबरू नये म्हणून खोटं सांगतायत का?" मागोमाग वडील आणि आई आले. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

मी रुग्णांना त्यांचे रिपोर्ट समजावून सांगते, त्यामुळे डॉक्टर लपवतात ही शंका मला नवी नाही. पण मुलीने वाचलेलंही खोटं नव्हतं, फक्त जुनं होतं.

वडिलांच्या टॉन्सिलमध्ये अडीच सेंटिमीटरची गाठ होती आणि मानेत त्याच बाजूला दोन लहान गाठी उतरल्या होत्या. तंबाखू-दारूमुळे होणाऱ्या घशाच्या कर्करोगात मानेत अशा गाठी येणं वाईट लक्षण, म्हणून स्टेज ठरवायच्या जुन्या तक्त्यात असे रुग्ण थेट चौथ्या स्टेजला जात. एचपीव्ही विषाणूमुळे होणारा कर्करोग मानेत लवकर उतरतो, कित्येकदा मानेतली गाठच आधी हाताला लागते, तरी उपचारांना तो चांगला दबतो. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात तीन वर्षांनंतर विषाणूवाले ८२ टक्के रुग्ण हयात होते, बाकीचे ५७ टक्के. मग २०१८ पासून विषाणूवाल्यांसाठी वेगळा तक्ता लागू झाला. त्यात मूळ गाठ चार सेंटिमीटरपर्यंत आणि मानेतल्या त्याच बाजूच्या गाठी सहा सेंटिमीटरच्या आत असतील तर स्टेज एक, आणि चौथी स्टेज फक्त आजार फुफ्फुसासारख्या दूरच्या अवयवात गेला तरच. कोणता तक्ता लावायचा ते बायोप्सीवरची पी१६ तपासणी ठरवते; गाठीच्या तुकड्यात या विषाणूची खूण आहे का ते ती बघते. रिपोर्टमधली 'पी१६ पॉझिटिव्ह' ही ओळ मी मुलीला दाखवली.

वडील एवढा वेळ गप्प होते. "म्हणजे थोडक्यात आटपेल?"

नाही. सात आठवडे, ३५ वेळा रेडिएशन आणि सोबत केमो, हे त्यांना डॉक्टरांनी सांगितलं होतंच. आजार बरा होण्यासारखा आहे म्हणून उपचार सौम्य करून पाहिले गेले आहेत. केमोऐवजी दुसरं औषध दिलं, तर २०१८ मध्ये समोर आलेल्या दोन मोठ्या चाचण्यांत निकाल उलट खालावला.

"सिगारेट?" मी विचारलं.

"रोज एक पाकीट. वीस वर्षं."

"सोडून बारा वर्षं झाली," आई पटकन म्हणाली.

स्टेजच्या तक्त्यात सिगारेटचा रकाना नाही. त्याच २०१० च्या अभ्यासात मात्र होता. विषाणूवाल्यांतही ज्यांनी रोज एक पाकीट दहा वर्षांहून जास्त ओढलं होतं आणि ज्यांच्या मानेत अशा गाठी होत्या, त्यांच्या मध्यम जोखमीच्या गटातले तीन वर्षांनंतर ७१ टक्के हयात होते. कमी जोखमीच्या गटात ९३ टक्के. हे सांगावं की नाही, यावर मी क्षणभर अडखळले. ते स्वतःच म्हणाले, "सांगा, मी इथे त्यासाठीच आलोय." सांगितलं. आणि सिगारेटमुळे त्यांच्या बाबतीत काय फरक पडतो, हे पुढच्या भेटीत डॉक्टरांना विचारायला सांगितलं. आकडा गटाचा असतो, आजार कुठवर पसरलाय ते दाखवणारं त्यांचं पेट-स्कॅन आणि त्यांची तब्येत डॉक्टरांसमोर असते.

बापलेक बाहेर गेल्यावर आई मागे रेंगाळली. अशा भेटींत खरा प्रश्न बहुधा दाराशी येतो.

"मॅडम, हा विषाणू... म्हणजे ह्यांचं बाहेर काही होतं का?"

"ताई, ते कुठल्याच तपासणीत कळत नाही. हा विषाणू जवळच्या शरीरसंबंधातून येतो आणि बहुतेक माणसांना आयुष्यात कधी ना कधी गाठतो. शरीर तो साधारण वर्ष-दोन वर्षांत हटवतं. काहींच्यात तो राहतो आणि कर्करोग व्हायला दशकं लागतात. तुमच्या लग्नाआधीचाही असू शकेल."

"आणि मला?"

"इतकी वर्षं एकत्र आहात, जे यायचं ते केव्हाच येऊन गेलं असणार. आता वेगळं राहायची गरज नाही. गर्भाशयमुखाची नेहमीची तपासणी तेवढी चुकवू नका."

ती पर्सच्या चेनशी चाळा करत राहिली. "पंधरा दिवस झाले, मी त्यांचा पेला वेगळा ठेवलाय. त्यांना वाटतं डॉक्टरांनी सांगितलंय."

"पेल्यातून हा पसरत नाही."

"मग आज काय सांगून परत ठेवू तो?"